पार्ट्स ऑफ स्पीच शिकवायचेत? व्याख्या राहू द्या, आधी व्हर्ब शोधायला शिकवा

ताई, तुम्ही लिहिलंय की साखर पेठेत घरीच सहावी-सातवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी चालू केलीय, काही मुलं मराठी मिडीयमची आणि काही सेमीची, बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. नाऊन, प्रोनाऊनच्या व्याख्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत, पण वाक्यातला एक शब्द अंडरलाइन करून दिला की अंदाजपंचे उत्तर देतात. मग सुरुवात कुठून करू, नावं मराठीतून सांगू की इंग्रजीतून, आणि एकच शब्द एकदा नाऊन आणि एकदा व्हर्ब निघाला की मुलं गोंधळतात तेव्हा काय सांगू, असे तीन प्रश्न आहेत तुमचे. मी सोलापुरातच मराठी मिडीयमच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवत आले, आता घरी मुलं येतात, त्यामुळं हीच मुलं आणि हीच अडचण मी रोज बघते. जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, त्या व्याख्या आहेत ना, त्या सध्या बाजूला ठेवा. मुलांना विसरायला सांगू नका, पण वर्गात त्यांच्यावर काम करू नका. कारण त्या व्याख्यांनी शब्द ओळखता येत नाही. 'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे व्हर्ब' हे पाठ असलेल्या मुलाला हे वाक्य द्या: हिज मॅरेज वॉज इन मे. तो हमखास मॅरेजखाली रेघ मारतो, कारण लग्न ही क्रियाच आहे की हो, केवढी मोठी क्रिया, आठ दिवस घर हलतं! आणि वॉज हा बिचारा कुठलीच क्रिया दाखवत नाही म्हणून तसाच राहतो. जर्नी, फाईट, थेफ्ट, सगळ्याचं तेच. नाऊनचं पण तसंच, 'व्यक्ती, वस्तू, ठिकाण' म्हटलं की पेन, राजू, सोलापूर सापडतं, पण ऑनेस्टी, अँगर, आयडिया हे हाताला लागत नाही ना डोळ्याला दिसत नाही, मग मूल म्हणतं ॲडजेक्टिव्ह असेल. मुलाचं चुकत नाही, तो व्याख्येला धरूनच चाललाय.

शब्द कुठल्या प्रकारचा हे शब्दाच्या अर्थावरून ठरत नाही, त्या वाक्यात तो काय काम करतोय आणि कुठं बसलाय यावरून ठरतं. हे एवढं एक मुलांच्या डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, आणि तुमचा तिसरा प्रश्न तर उरतच नाही. म्हणून सुटा शब्द फळ्यावर लिहून 'हा काय आहे' असं कधीच विचारू नका, कायम वाक्यात द्या.

आणि सुरुवात व्हर्बपासून करा. सगळी पुस्तकं नाऊनपासून सुरू होतात, पण इंग्रजी वाक्याचा कणा व्हर्ब आहे, तो सापडला की त्याच्या आधी कर्ता सापडतो, नंतर कर्म सापडतं, आणि आपल्या मुलांची अर्धी चूक तर व्हर्बच्या जागेचीच असते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सोलापुरात ज्या ज्या भाषा बोलतात त्या सगळ्यांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजीत ते मधे येऊन बसतं. राजू आंबा खातो, पण राजू ईट्स अ मँगो.

व्हर्ब शोधायची युक्ती अशी. वाक्याच्या पुढं 'यस्टर्डे' लावा आणि वाक्य पुन्हा म्हणायला सांगा, जो शब्द बदलला तो व्हर्ब. राजू गोज टू द मार्केट, आता यस्टर्डे लावा, राजू वेन्ट टू द मार्केट. काय बदललं? गोजचं वेन्ट झालं. राजू बदलला नाही, मार्केट बदललं नाही. आता तेच मॅरेजच्या वाक्यासारख्या वाक्याला लावा, हिज हाऊस इज नियर द स्टेशन, काल लावलं की इजचं वॉज झालं, म्हणजे इज हा व्हर्ब. क्रिया दिसो न दिसो, काळाबरोबर जो बदलतो तो व्हर्ब. कट, पुट, हिट, शट असे काही शब्द काल लावला तरी बदलत नाहीत, तिथं 'टुमॉरो' लावायचं, ज्या शब्दाच्या लगेच आधी 'विल' येऊन बसतं तो व्हर्ब. मुलांना ही तपासणी लै आवडते कारण उत्तर बरोबर की चूक हे त्यांचं त्यांना कळतं, बाईंच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

यातच इज, ॲम, आर वर चांगले चार-पाच दिवस काढा, घाई करू नका. तुमच्याकडच्या मुलांना याची जास्त गरज आहे, का ते सांगते. मराठीत आपण 'हे माझं पुस्तक आहे' म्हणतो, त्यात आहे असतं तरी. पण तेलुगूत 'इदि ना पुस्तकं' आणि कन्नडमध्ये 'इदु नन्न पुस्तक', झालं वाक्य, 'आहे' नाहीच. त्यामुळं ज्या मुलाच्या घरी तेलुगू आहे तो 'दिस माय बुक' लिहितो आणि आपण म्हणतो याला इज येत नाही, लक्ष नाही याचं. लक्ष असतं, त्याच्या घरच्या भाषेत तिथं रिकामी जागा आहे. त्याला हे उघड सांगा, 'तुझ्या घरच्या भाषेत इथं शब्द लागत नाही, इंग्रजीला लागतोच', मुलांना असं कारण सांगितलेलं फार पटतं.

दुसरं म्हणजे आपल्या सोलापूरचं 'जायलाय, खायलाय, करायलाय'. तो जायलाय, हा आपला एकच शब्द, इंग्रजीत त्याचे दोन होतात, इज गोइंग. मूल 'ही गोइंग' लिहितं कारण त्याच्या डोक्यात तो एक शब्द आहे. मी तर फळ्यावर सरळ 'जायलाय' लिहिते, पुस्तकी 'जात आहे' न लिहिता, आणि मधून रेघ मारते, जाय आणि लाय, लाय म्हणजे इज आणि जाय म्हणजे गोइंग, दोन्ही मिळून व्हर्ब. घरच्या बोलीवरून सांगितलं की इज सुटायचं खूप कमी होतं.

आणि आणखी एक चूक जी चारही भाषांची मुलं सारखीच करतात, 'माय फादर आर वर्किंग इन द मिल', 'सर आर कम'. आपण वडिलांना 'आले, गेले, आहेत' म्हणतो, तेलुगू-कन्नडवाले पण मोठ्यांना मानाचं अनेकवचनच लावतात. इंग्रजीत मान व्हर्बला लावत नाहीत, वडील एकच असतात म्हणून इज. हे एकदा स्पष्ट बोलून दाखवा, नाहीतर मुलाला वाटतं 'माय फादर इज' म्हणजे आपण वडिलांना अरेतुरे करतोय.

व्हर्ब पक्का झाला की नाऊन एकदम सोपं जातं. शब्दाच्या आधी 'द' नाहीतर 'माय' लावून बघा आणि वाक्य पुढं पुरं करून बघा. द मॅरेज वॉज गुड, चालतं. माय ऑनेस्टी, चालतं. द वेन्ट, नाही चालत. माय ब्युटिफुल, नुसतं तेवढंच नाही चालत, पुढं काहीतरी पाहिजे असं मुलंच म्हणतात. नाऊनचे प्रकार, कॉमन, ॲब्स्ट्रॅक्ट, कलेक्टिव्ह, याच्यामागं सहावीत लागू नका, परीक्षेच्या आधी दोन तासात होतं ते. फक्त प्रॉपर नाऊनला वेळ द्या, कारण देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही, त्यामुळं सोलापूर, मंडे, मराठी याचं पहिलं अक्षर मोठं काढायचं हे आपल्या मुलांना आतून येतच नाही, सवयच लावावी लागते.

प्रोनाऊनमध्ये एक गंमत बघा, इथं तुमची तेलुगू-कन्नडवाली मुलं मराठी मुलांच्या पुढं असतात. मराठीत वही 'ती', डबा 'तो', पुस्तक 'ते', निर्जीव वस्तूला पण लिंग आहे. म्हणून मराठी मूल वहीला शी म्हणून मोकळं होतं. कन्नडमध्ये माणूस असेल तर अवनु, अवळु, आणि वस्तूला सरळ अदु. तेलुगूत पण वस्तूला अदि. म्हणजे ही, शी, इटच्या पद्धतीच्या एकदम जवळ. मी अशा वेळी त्या मुलांनाच उभं करते, 'सांग रे, तुमच्यात पेनला काय म्हणतात, अवनु की अदु?', ते हसतात, 'पेनला अवनु कोण म्हणतंय बाई', की लगेच म्हणायचं, बस, इंग्रजीत पण तसंच. शाळेत घरची भाषा बोलली म्हणून रागावून घेतलेलं हे मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ॲडजेक्टिव्हचं पण तसंच. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोरगं, विशेषण बदलत राहतं. तेलुगूत मंचि अब्बायि, मंचि अम्मायि, मंचि बदलत नाही. इंग्रजीत गुड बॉय, गुड गर्ल, बदलत नाही. ओळखायला 'व्हेरी' लावा आणि नाऊनच्या आधी ठेवून बघा. व्हेरी टॉल बॉय, चालतं. पण फक्त व्हेरीवर विसंबू नका, व्हेरी ॲडव्हर्बला पण लागतं, व्हेरी स्लोली. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा, कोणाबद्दल सांगतोय? मुलाबद्दल, पिशवीबद्दल, गावाबद्दल सांगत असेल तर ॲडजेक्टिव्ह.

आता जरा थांबून एक महत्त्वाचं सांगते, कारण पालक पण विचारतात आणि काही शिक्षक पण म्हणतात की हे नाऊन-व्हर्ब ओळखून पुढं काय करायचं, इंग्रजी बोलायला याचा काय उपयोग. ओळखण्यापुरतं शिकवलं तर खरंच उपयोग नाही. पण आपली मुलं रोज काय चुका करतात ते ऐका. 'आय विल सक्सेस इन लाईफ'. 'आय ॲम कन्फ्यूज'. 'ही इज व्हेरी इंटेलिजन्स'. 'मॅडम, आय ॲम टेन्शन'. या सगळ्या पार्ट्स ऑफ स्पीचच्याच चुका आहेत, दुसरं काही नाही. व्हर्बच्या जागी नाऊन बसवलाय, ॲडजेक्टिव्हच्या जागी व्हर्ब नाहीतर नाऊन बसवलाय.

आणि या चुका येतात कुठून, तर आपल्या मराठीतून, म्हणजे मराठीत आपण जे इंग्रजी शब्द वापरतो त्यातून. मोबाईल चार्ज कर, ॲडजस्ट कर, डिसाईड केलं, कन्फ्यूज झालो, बोअर झालं, टेन्शन आलं. मराठीत इंग्रजीचा कुठलाही शब्द घ्यायचा आणि त्याला 'कर' नाहीतर 'हो' जोडायचं, झालं क्रियापद तयार, तो शब्द मुळात नाऊन होता का व्हर्ब होता याचा विचार करायची गरजच नाही. मग तेच मूल इंग्रजीत लिहायला बसलं की 'केलं'ला डिड लावतं, 'झालो'ला ॲम लावतं. यासाठी मी एक तक्ता वहीच्या मधल्या पानावर करून घेते, चार रकाने, नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब. सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली. डिसिजन, डिसाईड, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. कन्फ्यूजन, कन्फ्यूज, कन्फ्यूज्ड. ब्युटी, ब्युटिफाय, ब्युटिफुल, ब्युटिफुली. रोज एक घर भरायचं, एकदम दहा-बारा देऊ नका. यातून शेपट्या आपोआप दिसायला लागतात, शन, नेस, मेंट असेल तर बहुतेक नाऊन, फुल, लेस, अस असेल तर बहुतेक ॲडजेक्टिव्ह. पाठ करून घेऊ नका, मुलांनाच सापडू द्या. बोअर्ड आणि बोअरिंग मात्र वेगळं समजावून सांगा, 'आय ॲम बोअर्ड' म्हणजे मला कंटाळा आलाय आणि 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे, हे एकदा सांगितलं की वर्ग खळखळून हसतो आणि विसरत नाही.

प्रेपोझिशनला मी सगळ्यात जास्त वेळ देते. हे आपल्या मुलांना खरंच अवघड आहे. फळ्यावर लिहा: सोलापूर, सोलापूरला, सोलापूरचा, सोलापुरात, सोलापूरहून, सोलापूरपर्यंत. मराठीत सगळं शेपटाला चिकटलंय, काही प्रत्यय आहेत, काही शब्दयोगी. आता समोर लिहा, टू सोलापूर, ऑफ सोलापूर, इन सोलापूर, फ्रॉम सोलापूर, अप टू सोलापूर. इंग्रजीत नाव जसंच्या तसं राहिलं आणि तो बारका शब्द सुटा होऊन पुढं आला. मग मुलांना विचारा, टेबलावर, याला तुमच्या घरी काय म्हणतात? तेलुगूवाला म्हणेल टेबल मीद, कन्नडवाला म्हणेल मेजिन मेले, उर्दूवाला मेज पर. चारी भाषांत टेबल आधी, 'वर' नंतर. इंग्रजी एकटीच उलटी, ऑन द टेबल. चार भाषा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि पाचवी इंग्रजी लिहिली की काही वेगळं समजवावं लागत नाही, डोळ्यानंच दिसतं. हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडायचं नाही, सोलापूरच्या वर्गातच जमतं.

खरी अडचण पुढं आहे, आपल्या एका प्रत्ययाला इंग्रजीत दोन-तीन शब्द असतात. 'ने' घ्या, बसने म्हणजे बाय बस, पण पेनने म्हणजे विथ अ पेन. वेळेचं तर आणखी वाईट, सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, सोमवारी म्हणजे ऑन मंडे, रात्री म्हणजे ॲट नाईट, आपल्याकडं तिन्हीला तीच ई. यासाठी नियमांची यादी देऊ नका. मूल काय काय रोज बोलतं ती वाक्यं घ्या, कुठं राहतो, शाळेत कशानं येतो, किती वाजता उठतो, गड्ड्याच्या जत्रेला कुणाबरोबर गेला होता, आणि पूर्ण तुकडाच तोंडात बसवा, ॲट सिक्स ओ'क्लॉक, ऑन संडे, इन जानेवारी, बाय सिटी बस, विथ माय आजोबा असं पण चालेल मला सुरुवातीला. सुटा प्रेपोझिशन पाठ करून काही होत नाही, तुकडा पाठ झाला पाहिजे.

ओळखायची खूण, प्रेपोझिशनच्या पुढं नाऊन नाहीतर प्रोनाऊन असतोच. इन द रूम, यात इन प्रेपोझिशन. नुसतं 'कम इन', पुढं काही नाही, तिथं तो ॲडव्हर्ब. आणि आफ्टर, बिफोरसारख्या शब्दांपुढं पूर्ण वाक्य आलं, म्हणजे त्यात स्वतःचा कर्ता आणि व्हर्ब आहे, तर तो कंजंक्शन. आफ्टर स्कूल, प्रेपोझिशन. आफ्टर द बेल रँग, कंजंक्शन. हे सातवीच्या हुशार मुलांना द्या, सहावीला आत्ता नको. कंजंक्शनचं बाकी अँड, बट, ऑर, बिकॉज एवढं सहावीला पुष्कळ.

ॲडव्हर्बबद्दल एकच काळजी घ्या, 'शेवटी एलवाय असेल तो ॲडव्हर्ब' हे मुलांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. फ्रेंडली, लव्हली, लोनली हे तिन्ही ॲडजेक्टिव्ह आहेत, फ्रेंडली डॉग म्हणतो आपण. आणि फास्ट, हार्ड यांना एलवाय नाही तरी ते ॲडव्हर्ब होतात. इथं एक मोठा अपघात होतो, मूल आईचं कौतुक करायला 'माय मदर वर्क्स हार्डली' लिहितं, आणि त्याचा अर्थ होतो आई जेमतेम काम करते! म्हणायचं असतं शी वर्क्स हार्ड. ॲडव्हर्बची तपासणी म्हणजे, तो काढून टाकला तरी वाक्य बहुतेक उभं राहतं, आणि बऱ्याचदा त्याची जागा हलवता येते. यस्टर्डे ही केम, ही केम यस्टर्डे. पण ऑलवेज, युज्वली हे मात्र हलवू देऊ नका, साध्या व्हर्बच्या आधी आणि इज, ॲम, आरच्या नंतर. ही ऑलवेज कम्स लेट, पण ही इज ऑलवेज लेट.

इंटरजेक्शनला अर्धा तास. वॉव, ओह, हुर्रे, अलास, झालं.

आता तुमचा तो तिसरा प्रश्न, एकच शब्द दोन प्रकारचा. यावर मी एक पूर्ण तास एकाच शब्दावर घेते आणि तो शब्द म्हणजे फास्ट. श्रावणात घ्या, सिद्धेश्वराच्या देवळात गर्दी असते आणि घरोघरी उपास चालू असतात. चार वाक्यं फळ्यावर. द हुतात्मा एक्स्प्रेस इज अ फास्ट ट्रेन. द बॉय रन्स फास्ट. आजी फास्ट्स ऑन मंडे. हर फास्ट एंड्स इन द इव्हनिंग. शब्द तोच, स्पेलिंग तेच, एका ठिकाणी एस लागलाय तेवढाच. मग एकेका वाक्याला आपल्या तपासण्या लावायच्या. काल लावला तर बदलतो का? तिसऱ्यात बदलला, आजी फास्टेड, म्हणजे तो व्हर्ब. आधी 'हर' आहे का? चौथ्यात आहे आणि पुढं सरळ व्हर्ब आलाय, म्हणजे नाऊन. नाऊनबद्दल सांगतोय का? पहिल्यात ट्रेनबद्दल सांगतोय, ॲडजेक्टिव्ह. कसा पळतो याचं उत्तर आहे का? दुसऱ्यात आहे, ॲडव्हर्ब. मुलं स्वतः काढतात. नंतर राऊंड, लाईट, वॉटर, बॅक हे शब्द घरी द्यायला छान आहेत. वॉटर द प्लँट्स म्हटल्यावर पहिल्यांदा चक्रावतात, पाणी व्हर्ब कसं, पण तपासणी लावली की गप्प बसतात.

आणि एक खेळ नक्की करा. अर्थ नसलेले शब्द घालून वाक्य द्या. द टपकी गोंडू झिब्ड अ लॅम स्लिपली. विचारा, गोंडू काय आहे? सगळे ओरडतात नाऊन! कशावरून? आधी द आहे, मधे टपकी आहे. झिब्ड? व्हर्ब, इडी लागलंय. अर्थ कोणालाच माहीत नाही, मलाही नाही, तरी उत्तर येतं, म्हणजे अर्थावर काही अवलंबून नव्हतंच. जी मुलं व्याख्या पाठ करून अडकलेली असतात ती या खेळात मोकळी होतात. मग ती स्वतः असली वाक्यं बनवून आणतात, आणायला सांगावं लागत नाही.

नावं मराठीत की इंग्रजीत, तर दोन्ही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही नावं मुलांनी मराठीच्या तासाला ऐकलेलीच असतात, त्याचा फायदा का सोडायचा. आपल्या मराठी व्याकरणातली शब्दांच्या आठ जातींची ही मांडणी मुळात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच झालेली आहे, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरण समोर ठेवून, म्हणून नावाला नाव जुळतं. त्याआधी आपल्याकडं यास्क नावाच्या प्राचीन संस्कृत पंडितानं नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चारच मानले होते. म्हणजे आठ हा आकडा काही निसर्गाचा नियम नाही, सोयीसाठी केलेली विभागणी आहे. हल्लीची इंग्रजी व्याकरणं अ, अॅन, द, माय, धिस यांचा डिटरमायनर म्हणून वेगळा गट करतात, जुनी पुस्तकं त्यांना ॲडजेक्टिव्हमध्येच घालतात. मुलाच्या हातात जे पुस्तक आहे त्याप्रमाणे परीक्षेत लिहू द्या, दोन्हीचा वाद मुलांसमोर नको. जुळत नाही ती एकच जागा, शब्दयोगी अव्यय आणि प्रेपोझिशन, ते वर सांगितलंच. सुरुवातीला मराठी नाव आणि इंग्रजी नाव दोन्ही बोला, महिनाभरानं इंग्रजीच बोला, स्कॉलरशिपला आणि पुढं बोर्डाला इंग्रजी नावंच येणार आहेत.

सरावासाठी गाईड विकत घ्यायला लावू नका पालकांना. सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत जाताना जेवढ्या पाट्या इंग्रजीत दिसतील तेवढ्या मुलांनी वहीत लिहून आणायच्या, एवढा गृहपाठ पुरे. नो एंट्री आणि डू नॉट एंटर, अर्थ एकच पण एंट्री नाऊन आणि एंटर व्हर्ब. दारावर पुश, पुल. कचऱ्याच्या डब्यावर यूज मी. रस्त्यावर गो स्लो, इथं स्लो ॲडव्हर्बचं काम करतोय, एलवाय नाही, बघा. नो पार्किंग, यात पार्किंग नाऊन आहे कारण 'नो'च्या पुढं आलाय, पण ही इज पार्किंग हिज बाईक म्हटलं की तोच व्हर्बचा भाग. हे आयएनजीचं प्रकरण मुलांना नडतं, तिथं मराठीचा आधार द्या, 'पोहणं चांगलं' म्हणता येत असेल तर नाऊन, 'पोहायलाय' म्हणता येत असेल तर व्हर्ब. स्विमिंग इज गुड एक्सरसाइज, पोहणं, नाऊन. ही इज स्विमिंग, पोहायलाय, व्हर्ब.

वेळेचं म्हणाल तर व्हर्बला दोन आठवडे, नाऊन-प्रोनाऊन मिळून एक, ॲडजेक्टिव्ह आणि तो चार रकान्यांचा तक्ता एक, प्रेपोझिशनला परत दोन, बाकी सगळं एका आठवड्यात. मधे मधे मागचं चालू ठेवायचं, रोज तासाच्या सुरुवातीला एकच वाक्य फळ्यावर आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं काम मुलांनी सांगायचं, कारणासकट. कारण न सांगता नुसतं 'नाऊन' म्हटलं तर उत्तर बरोबर असलं तरी 'कशावरून' विचाराच. आणि मुलांच्या वहीतली चुकलेली वाक्यं तुमच्याकडं एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, मूल घरी कुठली भाषा बोलतं ते शेजारी लिहून. महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल की तेलुगूवाल्यांचं काय सुटतं, मराठीवाल्यांचं काय सुटतं, आणि पुढच्या बॅचला कुणाला कशावर जास्त वेळ द्यायचा हे त्या वहीतूनच ठरवता येईल.